शेणाच्या गॅसवरचा चहा

माझी पहिली नोकरी चिंचवडच्या एका सातवीपर्यंतच्या मराठी शाळेत होती. सत्तरनंतरची वर्षं. मी साताऱ्याकडची, नुकतीच डी.एड. होऊन आलेली, पिंपरीला मामाकडे राहत होते. मामा कंपनीत तीन पाळ्यांत कामाला. त्यामुळे घरात दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असायचं आणि हसू आलं की मला तोंडात पदर कोंबावा लागायचा. मला हसू फार यायचं. मामी म्हणायची, "तुला मास्तरीण कुणी केली गं?"

शाळेत ती अडचण नव्हती. माझ्याकडे सातवीचा वर्ग होता आणि त्या वर्गाला हसायला कारण लागत नसे. "व्हय बाई, न्हाई बाई" करणारी गावातल्या जुन्या घरांतली पोरं, कंपन्यांमुळे लातूर-उस्मानाबादहून आलेल्यांची पोरं, रत्नागिरीकडची पोरं. सुरुवातीला तर त्यांना एकमेकांची मराठी ऐकूनच हसू फुटायचं.

त्यांच्यात मराठवाड्यातून आलेल्या एका वेल्डरची मुलगी होती. चुणचुणीत, पण रोज उशिरा येणारी. एक दिवस मी तिला दारातच अडवलं.

"आज काय झालं?"

"रॉकेल, बाई. लाईनच सरकंना."

तिच्या हातात पत्र्याचा डबा होता आणि तो रिकामा होता. तिचा नंबर येईपर्यंत दुकानातलं रॉकेल संपलं होतं. ती तशीच डबा घेऊन बाकावर बसली. मी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, 'इंधने', आणि वर्गात खसखस पिकली. तीही हसली.

पुस्तकात त्या धड्याला गोबर गॅसचं चित्र होतं. एक गोल खड्डा, त्यावर उपडी टाकी, टाकीतून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला हसत स्वयंपाक करणारी बाई. मी चित्र समजावून सांगितलं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, शेनातनं खरंच जाळ निघतो?"

"निघतो."

"तुमी बघितलाय?"

मी खरं ते सांगितलं. "नाही."

त्या वयाच्या मुलांना शिक्षकाचं 'नाही' फार आवडतं. सगळे माझ्याकडे टक लावून बघायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग काय, करून बघू या!"

मग जो आरडाओरडा झाला तो ऐकून मोठे गुरुजी स्वतः वर्गाच्या दारात आले. मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. अंगाने चांगले भरदार. परीटघडीचं पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, वहाणासुद्धा पुसून घालायचे. बोटांना लागू नये म्हणून खडू रुमालात धरून लिहिणारा माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"शेण?" ते म्हणाले. "शाळेत?"

"बंद पिंपात, गुरुजी."

"वास?"

"पिंप बंद असतं."

"आणि मुलं त्यात हात घालणार?"

"धुतील, गुरुजी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेलं सगळं. पण ते इतकंच म्हणाले, "माझ्या खिडकीपासून लांब." त्यांच्या खिडकीपासून सगळ्यात लांबची खिडकी माझ्याच वर्गाची होती. म्हणजे माझ्याच नाकाखाली. पण मला त्या क्षणी नाचावंसं वाटत होतं.

पिंपं त्या वेल्डरनेच मिळवली. भंगारवाल्याकडून तेलाची दोन पिंपं, एक दुसऱ्यात जेमतेम मावेल अशी. मोठ्याचं झाकण त्याने कापून काढलं. लहान पिंप उपडं करून त्याच्या बुडाला नळी आणि चावी जोडली. मुलांनी खिडकीखाली खड्डा खणून मोठं पिंप जवळजवळ गळ्यापर्यंत पुरलं. मोठ्यात शेणाचा काला भरायचा आणि वरून लहान पिंप उपडं सोडायचं. गॅस साठेल तसं ते वर उचललं जाणार होतं, पुस्तकात तसंच लिहिलं होतं. रबरी नळी खिडकीतून आत येऊन माझ्या टेबलावरच्या शेगडीपर्यंत पोचायची. ही शेगडीही त्यानेच भोकं पाडून बनवली होती. त्याची दुसरी पाळी होती, म्हणून तो सकाळी येऊन काम करायचा आणि मुलं खिडकीला लोंबकळून बघायची. त्याची मुलगी मात्र बाकावर ताठ बसून राहायची, जणू हा माणूस तिच्या ओळखीचाच नाही. पण तिचे कान लाल झालेले असायचे, अभिमानाने.

मग शेण. गावातल्या पोरांच्या घरी जनावरं होती, ती पाट्या भरभरून आणायला लागली. कंपनीच्या कॉलनीतल्या पोरांकडे कुठली जनावरं? त्यांना ते सहन होईना. त्यांनी पवनेच्या काठी चरणाऱ्या म्हशी हेरल्या. आणि एका सकाळी त्या म्हशींचे मालक शाळेत हजर. डोक्याला लाल मुंडासं, हातात काठी. सगळी पोरं त्यांना आबा म्हणायची. मोठ्या गुरुजींनी मला बोलावून घेतलं.

"गुरुजी," आबा म्हणत होते, "तुमची पोरं माज्या म्हशींच्या मागनं घमेली घिऊन फिरत्यात."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? शेनाला! म्हस जरा थांबली की पोरं धावली. जरा शेपूट हललं की घमेलं खाली. तिला नीट उभंबी राहू देईनात. आता ती लाजाय लागलीया, गुरुजी."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आत बघितलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

"आन् मी गवऱ्या कशाच्या थापू?" आबांनी काठी आपटली.

मी स्वतःला सावरलं आणि म्हटलं, "आबा, तुमचं शेण वाया जाणार नाही. गॅस निघून गेला की उरलेला राडा खतासाठी तुम्हालाच परत देऊ. ताज्या शेणापेक्षा चांगलं खत होतं ते."

"परत?"

"हो."

"म्हंजी शेन घ्यायचं, त्यातनं जाळ काढायचा, आन् शेन परत द्यायचं?"

"तसंच."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे वळून हळूच विचारलं, "गुरुजी, बाई बऱ्या हायेत न्हवं?"

गुरुजी म्हणाले, "आतापर्यंत होत्या."

पण आबांना कुतूहल आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच शेणाने भरलेली हातगाडी शाळेच्या फाटकातून आत ढकलली आणि कडुलिंबाखाली बसून राहिले, पुढे काय होतं ते बघायला.

काला कालवायच्या वेळी मात्र मुलं मागे सरली. गावातल्या पोरी सारवण करणाऱ्या, त्यांना काहीच नव्हतं, पण कॉलनीतल्या पोरींनी नाकं धरली आणि ते बघून गावातल्या पोरींनाही लाज वाटायला लागली. मी बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, पदर खोचला आणि कोपरापर्यंत दोन्ही हात घातले. काला थंडगार, मऊ होता. मला इतकी मजा वाटली की मी मोठ्याने हसले. मग काय, एका मिनिटात सगळा वर्ग घमेल्यांभोवती! शेण आणि पाणी सारखं सारखं घ्यायचं, गाठी फोडायच्या, काड्या वेचून काढायच्या. कुणाच्या नाकाला लागलं, कुणाच्या वेणीला. एकाने दुसऱ्याच्या गालावर बोट ओढलं आणि मग मला विज्ञानाचा तास कसाबसा आवरावा लागला. राखेने हात घासघासून धुतले तरी वास गेला नाही. घरी गेल्यावर मामीने दारातच विचारलं, "आज काय शिकवलंस?" मी म्हटलं, "इंधनं." तिने मला आधी न्हाणीघरात पाठवलं.

लहान पिंप काल्यात उपडं घालून त्यावर आम्ही खडूने रेघ मारली. आता रेघ वर येते का ते बघायचं. पाणी प्यायला जाताना बघायचं, शू करायला जाताना बघायचं. एवढ्या वेळा शूला जाणारा वर्ग मी पुन्हा पाहिला नाही.

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी मोठे गुरुजी आमच्या वर्गावर शिस्तीबद्दल बोलायला आले. "शांतता," ते म्हणाले, "शांततेतच माणूस घडतो." आणि खिडकीबाहेर पिंपाने एक लांबलचक, ओला, गडगडता आवाज काढला. गुरुजींनी सावकाश मागे वळून फळ्याकडे पाहिलं, जणू तो आवाज फळ्याने काढला होता. तेवढ्यात दुसरा आवाज आला, पहिल्यापेक्षा मोठा. वर्ग फुटला. पोरं बाकांवर आडवी पडली, एक तर बाकाखालीच गेला. मी डोकं टेबलावर टेकलं. गुरुजी निघून गेले, पण व्हरांड्यात त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

तो पिंपाच्या कडेने निसटलेला गॅस होता. आणि रेघ वर आली होती! "आलं! वर आलं!" म्हणत पोरं मैदानभर धावली. आबा तिथेच होते. खरं तर मी त्यांना बघायला बोलावलं नव्हतं, पण ते हल्ली रोजच येत.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याची बादली जवळ ठेवली, मुलांना मागे उभं केलं, चावी उघडली आणि काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. गॅस सूं सूं करत येत होता आणि प्रत्येक काडी फुंकर मारल्यासारखी विझवत होता. पेटी संपत आली. वेल्डरची मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या पपांनी वेल्डिंग नीट केलंय."

"वेल्डिंग उत्तम आहे," मी म्हटलं. "चुकतंय ते दुसरंच काहीतरी."

काय चुकतंय ते मला माहीत नव्हतं. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी बसने पुण्याला शेतकी कॉलेजात गेले. तिथे कुणाला विचारायचं तेही ठाऊक नव्हतं. शेवटी चष्मा कपाळावर चढवलेल्या एका प्राध्यापकांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली. म्हशीच्या लाजण्याशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"अहो बाई," ते म्हणाले, "सगळं छान चाललंय. पहिला गॅस पेटत नाही. त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त. तो सगळा सोडून द्या आणि पुन्हा भरू द्या. फक्त एक आहे, थंडी पडलीय. पिंपाला ऊब लागेल."

परत येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं.

सोमवारी आम्ही सगळा गॅस सोडून दिला. पिंप खाली बसलं. "आता याला थंडी वाजतेय," मी वर्गाला सांगितलं. मला म्हणायचं होतं की उपाय शोधा. मंगळवारी सकाळी पिंपावर चार गोधड्या, एक शाल आणि कुणाच्या तरी बाळाचं कुंचडं होतं. दुपारी एक आई गोधडी शोधत शाळेत आली, तिने कुंचडं घातलेलं पिंप पाहिलं आणि न भांडता परत गेली.

खरा उपाय आबांनी आणि पोरांनी मिळून केला. मैदानातला सगळा पाला, आबांच्या गोठ्यातला ओला कडबा, गवत आणि थोडं शेण यांचा ढीग पिंपाच्या गळ्याभोवती रचला. आठवड्याच्या आतच मी मुलांना एकेक करून त्या ढिगात हात घालायला लावलं. बाहेर सकाळचा गारठा, तोंडातून वाफ निघत होती. पहिल्या मुलाने हात घातला आणि ओरडून बाहेर काढला.

"बाई, गरम हाय!"

"खोटं नको बोलू."

"आईशप्पत! च्यासारखं गरम हाय!"

पाला कुजताना ऊब सोडतो, हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण माझा स्वतःचा हात त्या ढिगात गेला तेव्हा अंगावर काटा आला. कुणी काडी लावली नव्हती, विस्तव नव्हता, आणि ढीग जिवंत जनावरासारखा ऊबदार होता. मुलं परत परत रांगेत लागत होती. मधल्या सुट्टीत इतर वर्गांची पोरंही आली आणि आमच्या पोरांनी त्यांच्याकडून ढिगात हात घालायचे शेंगदाणे घ्यायला सुरुवात केली. ते मी बंद केलं, थोडे शेंगदाणे खाऊन.

पिंप चढायला लागलं. खडूची रेघ बोट बोट करत वर आली आणि मग एके सकाळी पाहिलं तर ते स्टुलाएवढं उंच उभं होतं. मी पुन्हा काडी ओढली. या वेळी काडी विझली नाही, पण जाळही दिसेना. भर उन्हाची तिरीप टेबलावर आली होती.

"न्हाईच पेटलं," कुणीतरी म्हणालं.

मी शेगडीवर हात धरला आणि झटकन मागे घेतला. भाजला होता! "खिडक्या लावा!" मी ओरडले. "दार लावा! सगळं लावा!"

पोरांनी धडाधड झडपा ओढल्या. वर्गात अंधार झाला आणि टेबलावर निळं फूल उमललं. एकही आवाज नाही. निळ्या पाकळ्या, वर किंचित पिवळं टोक, हलणारं. सगळ्यांचे चेहरे निळे. मला वाटतं, आम्ही सगळे तेव्हा थोडेसे वेडे झालो असू. मग जी किंकाळी उठली, ती ऐकून मोठे गुरुजी धावत आले, दार उघडलं, आणि मुलं एका सुरात ओरडली, "दार लावा, गुरुजी!" त्यांनी मुकाट्याने दार लावून घेतलं.

"चहा करायचा," मी जाहीर केलं. पातेलं, पाणी, पत्ती, साखर ही जय्यत तयारी कधीपासून होती. आबा म्हशीचं दूध घेऊन आले. पाणी कोमट झालं, तळाला बुडबुडे धरले, आणि जाळ बारीक व्हायला लागला. झडप उघडून बाहेर पाहिलं. गॅस होता, पिंप अजून बरंच वर होतं, पण जोर पुरत नव्हता.

"वजन पायजे," आबा म्हणाले. "वरनं दाबाय पायजे."

दोन पोरं पिंपावर बसली. जाळ वाढला, पण पोरं बारीक, कंपनीच्या कॉलनीतली. आणखी दोन बसायला जागा नव्हती. तेव्हा सगळ्यांच्या मनात एकदमच एक विचार आला. शाळेतलं सगळ्यात वजनदार माणूस त्या क्षणी वर्गाच्या मध्यभागी, पांढऱ्याशुभ्र धोतरात उभं होतं.

शेवटी वेल्डरची मुलगी पुढे झाली.

"गुरुजी, तुम्ही बसता का?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याकडे पाहिलं. त्यांनी टोपी सारखी केली, बाहेर गेले, पिंपावर एक गोधडी अंथरून घेतली आणि खुर्चीत बसावं तसे सावकाश बसले.

"हळू, गुरुजी!"

पिंप डगमगलं. आबांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. आत जाळ भस्सकन उठला आणि पोरं ओरडली, "उकळी! उकळी येतीय!" गुरुजी हात गुडघ्यांवर ठेवून, समोर नजर लावून, इंच इंच खाली चालले होते. शाळा सगळी जमली होती. ते जसे खाली गेले तसा दोन्ही पिंपांच्या मधून काला वर आला, काठावर थबकला आणि शांतपणे त्यांच्या पुसलेल्या वहाणांवर उतरला.

"गुरुजी, वहाणा!" मी म्हटलं.

"चहा झाला का?" गुरुजींनी विचारलं.

"पत्ती टाकलीय!"

"मग राहू दे वहाणा," असं म्हणून ते हसायला लागले. त्यांचं हसणं आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. ते पोटातून येणारं, हिसक्याहिसक्याचं होतं, आणि त्यांच्या प्रत्येक हिसक्यासरशी आत जाळ उडी मारत होता. "हसा, गुरुजी, हसा!" आतून पोरं ओरडत होती. आबा काठी टाकून खाली बसले होते. मला उभं राहवेना.

चहा झाला. डब्यांच्या झाकणांतून, वाट्यांतून, एकेका घोटाने सगळ्या वर्गाने घेतला. गुरुजींना तेवढी कपबशी. त्यांनी वहाणा बाहेर काढून ठेवल्या, अनवाणी खुर्चीवर बसून बशीत चहा ओतला, वास घेतला आणि प्यायले. "साखर जरा कमी आहे," ते म्हणाले. आबांनी आपला घोट तोंडात घोळवून घोळवून घेतला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "माज्या म्हशीचं दूध, माज्या म्हशीचा जाळ."

त्या पिंपाने कुणाच्या घरची चूल बदलली नाही. दिवसाला पातेलंभर चहा, एवढीच त्याची ताकद. रविवारी कॉलनीतल्या बायका बघायला आल्या, त्यांनी चाळीत कुठे खड्डा खणता येईल का याची बरीच चर्चा केली आणि हसत घरी गेल्या. पण माझ्या वर्गाला एक खूळ लागलं ते लागलंच. दिसेल ती वस्तू उचलायची आणि माझ्यासमोर धरायची. "बाई, यातनं काय निघंल?" शेंगांची टरफलं, रसवंतीतली चिपाडं, कंपनीतल्या लाकडी खोक्यांचा भुसा, केळीची सालं. मला बऱ्याचदा उत्तर येत नसे. मग आम्ही ती पुरून बघायचो, भिजवून बघायचो, ढिगात घालून बघायचो. भुशात एकदा अळंबी आली आणि तास तिथेच संपला.

आणि एके सकाळी वर्गात शिरले तर पहिल्या बाकाशेजारी एक करडी शेळी बांधलेली. कॉलनीतल्या एका मुलीने घरी हट्ट करून ती मिळवली होती, गावातल्या पोरांसमोर मान वर करायला.

"बाई, ही रोज देईल," ती म्हणाली.

मी शेळीकडे पाहिलं. शेळीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच, वर्गाच्या मधोमध, दिलं. पोरं घमेलं आणायला धावली. मी हजेरी घ्यायला बसले, पण मला एकही नाव धड वाचता येत नव्हतं.